लिंबाजीनं थांबवलेली गाडी

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. मी बावीस वर्षांचा, तू माझ्याहून दीड-दोन वर्षांनी मोठा. दुष्काळी कामावर खडी फोडून फोडून दोघांच्याही हाताला घट्टे पडलेले. ते घट्टे बघूनच साहेबानं आपल्याला रेल्वेच्या गँगमधे घेतलं, असं तू सांगायचास. मी म्हणायचो, मला छाती बघून घेतलं. लिंबाजी, पन्नास वर्षं आपण यावर भांडलो. आता तू गेलास म्हणून कबूल करतो, घट्टे बघूनच घेतलं असेल. पण छाती पण बघितली असेल.

तुला पोचवून आलो त्याच्या पाचव्या दिवशी सुजाता आमच्या घरी आली. परभणीला मास्तरीण आहे तुझी पोरगी, पण बोलणं अजून खडकमाळचंच. ओट्यावर बसली, चहा घेतला आणि म्हणाली, "काका, बाबाचं एक लहान पुस्तक काढायलोत, पुण्यानुमोदनाला वाटायला. तुमी बी ल्हा."

मी म्हणलं, "बाई, मी चौथी नापास."

"बाबा बी चौथीच की."

तू चौथी पास होतास, हे तिला माहीत नाही वाटतं. तू सांगितलं नसशील. आपलं काही सांगायची तुला सवयच नव्हती, आणि त्या सवयीपायीच मला आज ही वही घेऊन बसावं लागलंय. दुपारी जेवण झालं की लिंबाखाली बाज टाकून लिहितो. अक्षर वाकडं आहे. रूळ सरळ ठेवले आयुष्यभर, तेवढं पुरे.

लाइनीचं तुला काय सांगायचं? पण पुस्तक वाचणाऱ्या पोरांनी ती लाइन बघितलेली नाही, म्हणून लिहितो. पूर्णेकडं जाणाऱ्या मोठ्या लाइनीवर आमचं धोंडवाडी स्टेशन. तिथून एक फाटा फुटायचा, नऊ मैलांचा, आणि दुसऱ्या टोकाला तुझं गाव खडकमाळ. खडकमाळला काळ्या दगडाची खाण. निजामाच्या राज्यात ही लाइन पडली ती खाणीतली खडी आणायला, माणसांसाठी नाही. पुढं दोन्हीकडच्या गावांनी ओरड केली तेव्हा खडीच्या वाघिणींना माणसांचे दोन डबे जोडले. सकाळी धोंडवाडीहून जायची, संध्याकाळी परत यायची. चढाला आली की पोरं खाली उतरून तिच्यासंगं चालायची. परभणीचे लोक हसायचे, म्हणायचे, तुमची गाडी का बैलगाडी? हसू दे. त्यांच्या मोठ्या गाड्या ज्या खडीवरून पळतात ना, त्यात खडकमाळचा दगड आहे. आपण भरलेला, आपण पसरलेला, आपण ठोकलेला. आज बी मी पूर्णेला गेलो तर फलाटाच्या टोकाला जाऊन खाली वाकून बघतो. आपला दगड मला ओळखू येतो. सुनेला वाटतं म्हातारं पडलं बिडलं काय.

आपण दोघं चावीवाले. खांद्यावर हातोडा, कमरेला लाल-हिरवी झेंडी, पिशवीत फटाके, म्हणजे धोका असला की रुळावर बांधायचे, चाकाखाली वाजले की ड्रायव्हर गाडी थांबवतो. रुळाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या गाडीच्या धक्क्यानं सैल होतात, त्या रोज चालत जाऊन ठोकायच्या. मी धोंडवाडीकडून, तू खडकमाळकडून. मधे वाघी ओढा आणि त्यावर तीन कमानींचा दगडी पूल. पुलाच्या कठड्यावर मधोमध पांढरा पट्टा मारलेला. पट्ट्याच्या अलीकडं माझी हद्द, पलीकडं तुझी. माझी लाइन माझी, असं मला वाटायचं. बापाकडून अडीच एकर आलं तेव्हा एवढा ताठ झालो नव्हतो, तेवढा त्या साडेचार मैलांनी झालो.

पावसाळ्यात गाडी सुटायच्या आधी गस्त असायची. दोघांजवळ एकेक वही. पुलावर भेटलो की माझी वही तुला, तुझी मला. वही बदलली म्हणजे दोघांनी आपापली लाइन पायी बघितली, याचा पुरावा. आणि समोरचा आला नाही तर बसून राहायचं नाही. त्याच्या हद्दीत शिरून चालत राहायचं, तो भेटेपर्यंत. तो वाटेत पडला असेल, भराव वाहून गेला असेल, काय बी असेल. हा कायदा होता आणि चांगला कायदा होता.

पहिल्याच पावसाळ्यात मी रुसलो. कारण काय, तर पट्टा ओलांडून तू माझ्या हद्दीतली एक चावी ठोकलीस.

"मपल्या हद्दीत हात घातलास कसा?"

"सैल होती."

"मला दिसत न्हाई का?"

"दिसत आसंल. पर सैल होती."

मला लय लागलं ते. दुसऱ्या दिवशी मी गेलोच नाही. पाऊस लागलेला, मी घरात गोधडी घेऊन पडलो. म्हणलं, बसू दे पुलावर भिजत. गाडी सुटायला थोडा वेळ राहिला होता तेव्हा दारात हाक आली, "वही!" बघतो तर तू. डोक्यावर पोत्याची खोळ, पाणी निथळायलंय, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. पुलापासून आमच्या घरापर्यंत माझी सगळी लाइन तू बघत आला होतास. माझी आई तांब्या घेऊन बाहेर गेली. तुला वरून पाणी ओतणार होती, तेव्हा आमच्या घरात तशीच रीत होती. लपवून काय करायचं? तू ओंजळ पुढं केलीच नाहीस. म्हणालास, "मावशी, पाणी राहू द्या. वही पायजे."

आई माझ्याकडं बघायली आणि मी जमिनीकडं. वही आणून दिली. मग काय झालं मला, आईच्या हातातला तांब्या घेतला आणि तुझ्या हातात दिला. तू तोंडाला लावून सगळा प्यालास, आणि परत देताना म्हणालास, "तुपल्या हद्दीत अकरा चाव्या सैल होत्या. ठोकल्यात."

असा राग आला होता मला, लिंबाजी. आणि असं हसू. त्यानंतर पुलावर आपल्या दोघांच्या भाकरी एकाच फडक्यावर सुटायला लागल्या. आईनं चार दिवस तोंड फिरवलं, पाचव्या दिवशी दोघांपुरतं कोरड्यास बांधून दिलं. तू खाऊन म्हणालास, मावशीच्या हाताला चव हाय, पोराच्या हाताला न्हाई. हे मी घरी सांगितलं आणि तिथून पुढं आई मला कमी आणि तुला जास्त वाढून द्यायला लागली.

दहा वर्षं अशी गेली. त्या दहा वर्षांत आपल्या नऊ मैलांवर एक डबा घसरला नाही. ही गोष्ट मी छाती काढून सांगतो आणि मरेपर्यंत सांगणार. आपण दोघं शिकलेले नव्हतो, पण हातोडा मारला की आवाजावरून कळायचं, चावी घट्ट आहे का उद्या सुटणार आहे. तुला तर दुरून कळायचं. मी ठोकत आलो की तू पुलावरून ओरडायचास, "रंग्या, मागची पुन्ना मार!" मी चिडून मागं जायचो. सैलच असायची.

आता पुलाचं लिहितो. हे लिहायला मला तीन दुपारी लागल्या. दोनदा पान फाडलं.

माझ्या हद्दीतल्या खांबाला एक भेग होती, उभी, केसासारखी. उन्हाळ्यात मिस्त्री येऊन तिच्यावर आडवी चुन्याची टिकली लावून गेला. टिकली म्हणजे बोटाएवढी पट्टी. भेग वाढली की ती तडकणार. आपलं काम एवढंच, रोज खाली उतरून टिकली बघायची आणि वहीत 'ठीक' लिहायचं. तडकली तर साहेबाला कळवायचं.

पाऊस सुरू झाला आणि टिकली तडकली.

त्या वर्षी स्टेशनात सगळे बोलायचे की खाण आटत आली, ही लाइन आता वरच्यांना जड झालीय, बंद करायला एक बहाणा पाहिजे. माझ्या डोक्यात तेच बसलं. मी बहाणा देणार नव्हतो. तंबाखूची डबी काढली, तिच्यातला चुना बोटावर घेतला आणि तडा बुजवला. वहीत लिहिलं, 'ठीक'. आठ दिवसांनी पुन्हा तडकली, पुन्हा बुजवली. मग आणखी एकदा. दर वेळेला मनाला सांगायचो, पूल दगडी आहे, निजामाचा आहे, असा कसा पडेल.

पोळ्याच्या आधीचा दिवस. रात्रभर पाऊस झालेला, ओढा कमानीला टेकायला आलेला. मी खांबापाशी उतरलो तर टिकलीचे दोन तुकडे. चौथ्यांदा चुना लावला. वर आलो, तू पट्ट्यावर उभा होतास. वही दिली. तू वही घेतली नाहीस, माझ्या बोटांकडं बघितलंस.

"चुना कशाचा?"

"तंबाखूचा."

"तोंडात तर तंबाखू न्हाई तुझ्या."

तू पट्टा ओलांडून चालायला लागलास. मी ओरडलो, "तुपली हद्द हितवर हाय!" तू थांबला नाहीस. खाली उतरलास, टिकलीला बोट लावलंस. दगडासारखी घट्ट पाहिजे ती टिकली, आणि तुझं बोट तिच्यात रुतलं. तू वर माझ्याकडं बघितलंस. शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं. तू म्हणालास, "गाडी सुटली आसंल," आणि पळत सुटलास, माझ्या हद्दीतून, धोंडवाडीच्या बाजूला, लाल झेंडी उघडून.

मी जागेवरून हललो नाही. हे कुणालाच माहीत नाही. चावीवाला मी, हद्द माझी, झेंडी माझ्या कमरेला बी होती. पळालास तू.

रुळावर फटाके वाजले तेव्हा आवाज पुलापर्यंत आला. गाडी थांबली ती पुलाच्या जवळच. दोन्ही डबे गच्च भरलेले, खडकमाळच्या बाजाराला निघालेली माणसं, पोळ्याचं सामान घेऊन. घुंगरं, झुली, रंगाचे पुडे. सगळ्यांना चिखलात उतरून पुढं पायी जावं लागलं. एक व्यापारी तुझ्या अंगावर धावून आला, "तुपल्या बापाची गाडी हाय का रे?"

तू म्हणालास, "न्हाई. म्हणूनच थांबवली."

आज बी ते आठवलं की अंगावर काटा येतो, लिंबाजी. भिजलेला, दम लागलेला, हातात झेंडी, चारी बाजूंनी शिव्या, आणि तू असा उभा की जणू पुलाचा तिसरा खांब.

तिसऱ्या दिवशी साहेब आला. पुलावर माझी वही उघडली. रोज 'ठीक', खाली माझी सही. साहेब तुला म्हणाला, "वहीत सगळं ठीक आहे. टिकली पण अखंड दिसतेय. खोटी झेंडी दाखवून गाडी थांबवली तर नोकरी जाते, माहीत आहे ना?" सुजाता तेव्हा रांगत होती. मी तुझ्यापासून दोन हातांवर उभा होतो. तू एकदा नुसतं माझ्याकडं बघितलं असतंस तरी साहेबाला सगळं कळलं असतं. तू बघितलं नाहीस. म्हणालास, "साहेब, टिकली खरवडून बघा."

साहेबानं चाकू काढला. एक पापुद्रा निघाला, खाली दुसरा, त्याच्या खाली तिसरा. कांदा सोलावा तसं. मग भेगेत फूटपट्टी घातली, ती सगळी आत गेली. साहेबाचा चेहराच उतरला. वळून म्हणाला, "हा चुना कोणी लावला?"

"चुना कुणी लावला ते मला माहीत न्हाई, साहेब. भेग कुठं हाय ते माहीत हाय."

साहेबानं दोघांकडं पाळीपाळीनं बघितलं, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. तुझी नोकरी राहिली. माझी बी राहिली. लाइन राहिली नाही. पूल दुरुस्त होईपर्यंत गाडी बंद, असा हुकूम आला. दुरुस्ती कधी झालीच नाही, आणि काही वर्षांनी रूळ उचलून नेले. उचलायला आपल्यालाच लावलं. तू प्रत्येक चावी काढताना आधी एक हलका हातोडा मारून आवाज ऐकायचास. मी म्हणलं, "आता कामून ठोकायलास?" तू म्हणालास, "बगायलो, घट्ट होती का."

सगळ्या घट्ट होत्या.

साहेब आला होता त्या दिवशी पुलावरून परत येताना तू एकदाच विचारलंस, "किती येळा लावलास?" मी म्हणलं, "चार." तू म्हणालास, "एवढ्या चुन्यात म्हैनाभर तंबाखू झाली आसती." झालं. त्यानंतर चाळीस वर्षांत या गोष्टीचा एक शब्द नाही. फक्त मी कुठं बी तंबाखू मळायला लागलो की तू म्हणायचास, "जपून, गड्या. पूल हाय का तंबाखू?" लोक हसायचे, त्यांना वाटायचं ही काहीतरी जुनी गंमत आहे. मी बी हसायचो.

गावांनी ठरवलं ते वेगळंच. लिंबाजीनं झेंडी दाखवली म्हणून गाडी गेली. कोणी म्हणलं पैसे खाल्ले, कोणी म्हणलं ह्या लोकांना गावाचं चांगलं बघवत नाही. तू कोणत्या वस्तीतला, हे त्यांना तेव्हा बरोबर आठवलं. खडकमाळच्या बाजारात पोरं ओरडायची, "लाल झेंडी आली रे, थांबा!" आणि तू थांबून हात वर करायचास, हिरव्या झेंडीसारखा हलवायचास, "जाऊ द्या, लाइन साफ हाय." तुझ्यासंगं मी असायचो तेव्हा मान खाली घालायचो मी. तुझी कधी गेली नाही.

आणि मी काय झालो? लाइनीचा राखणदार. लाइन चालू करा म्हणून अर्ज मीच केले, परभणीला मीच गेलो, उपोषणाला मीच बसलो. शाल-नारळ मला. प्रत्येक अर्ज घेऊन तुझ्याकडं यायचो सहीला. तू चष्मा लावून वाचायचास. मी लिहिलेलं असायचं, 'पूल मजबूत आहे, तरी गाडी सुरू करावी.' तू म्हणायचास, "'पूल दुरुस्त करून' एवढं लिव. आत्ता सही करतो."

"पूल उभाय की अजून!"

"गाडी न्हाई म्हणून उभाय."

"तू हट्टी हायस."

"आन तू?"

मी तेवढे तीन शब्द कधी लिहिले नाहीत. ते लिहिले असते तर भेग मान्य करावी लागली असती. आज वाटतं, ते लिहिले असते तर कदाचित कोणीतरी पूल दुरुस्त केला असता. कदाचित नसता. खाण आटलीच होती. पण खरा अर्ज एकदा बी गेला नाही, तो माझ्यामुळं. तू मात्र सही न करता प्रत्येक उपोषणाला येऊन मागच्या रांगेत बसायचास. एकदा मला चक्कर आली तेव्हा तूच लिंबूपाणी पाजलंस आणि वर म्हणालास, "पी, कुणी बघत न्हाई."

मागच्या म्हैन्यात तुला बघायला आलो होतो. सांगायचंच म्हणून निघालो होतो, बसमधे शब्द जुळवले होते. तू अंथरुणावर, सुकलेला, पण मला बघून पहिलं काय म्हणालास? "पूल उभाय का?" मी म्हणलं, "उभाय." तू म्हणालास, "मंग गाडी न्हाई आली अजून." हसलास आणि खोकला आला. मग आपण घट्टे आणि छातीवरून भांडलो. मग ज्वारीवरून. निघताना म्हणालास, "जाताना फाटक लाव, शेळ्या येतेत." मी फाटक लावलं. सांगायचं राहून गेलं.

इथपर्यंत एक बरं होतं, की ही गोष्ट फक्त आपल्या दोघांची होती. पण चहा पिता पिता सुजातानं बोर्डाचं सांगितलं.

आमच्या ग्रामपंचायतीनं जुन्या लाइनीच्या भरावावर चालायला रस्ता केलाय. सरपंच शिकलेली पोरगी आहे, तिला वाटलं पुलापाशी लाइनीचा इतिहास लिहावा. फोन घेऊन माझ्याकडं आली, "आजोबा, तुमीच सांगा." मी सांगितलं. ऐटीत सांगितलं. लाइन का बंद पडली विचारलं तेव्हा तोंडातून निघालं, एकानं चुकीची झेंडी दाखवली. चाळीस वर्षं गावात तेच बोलत होते, माझ्या जिभेला बी सवय झाली होती. तिनं ते लिहून घेतलं आणि बोर्डावर काढलं: 'एका कर्मचाऱ्याने दाखवलेल्या चुकीच्या इशाऱ्यामुळे ही लाइन बंद पडली.' आणि सगळ्यात खाली: 'लाइन वाचवण्यासाठी लढणारे, श्री. रंगनाथराव, धोंडवाडी.'

सुजाता म्हणाली, बोर्ड लागला त्याच आठवड्यात तू हट्ट करून तिच्या स्कूटीवर बसून पुलावर गेला होतास. सगळा बोर्ड वाचलास. चष्मा पुसून परत वाचलास. आणि म्हणालास, "रंग्याचं नाव झ्याक काढलंय." मग घरी ने म्हणालास. आणि मी त्याच्या नंतर तुला बघायला आलो होतो. तू बोर्ड वाचलेला होतास आणि मला ज्वारीचं विचारत होतास.

एवढं कसं जमलं रे तुला?

मी कोणापुढं वाकलो नाही, हे सगळ्या धोंडवाडीला माहीत आहे. साहेबापुढं नाही, भावकीपुढं नाही, पोरापुढं तर नाहीच. पण माझ्या ताठपणाला खालून तुझा टेकू होता, हे आता कळायलंय. तू खरा चावीवाला. मी तुझ्यासंगं काम केलं, एका फडक्यावर जेवलो, तू माझ्या दारात येऊन पाणी नको म्हणालास, हीच माझी कमाई. शाल-नारळ काही नाही.

काल हे एवढं लिहून झालं. सुजाताला बोलावून वाचून दाखवलं. ती ऐकत होती तोपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, "बाबाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"शाळंत मला लाल झेंडी म्हणायचे, काका. मी रडत यायची. बाबा म्हणायचे, रडू नको, झेंडी बरोबर होती. मला वाटायचं माझं मन राखायला म्हणायलेत." तिनं चहा घेतला नाही. वही पिशवीत टाकली. दारातून वळून म्हणाली, "मी छापते हे, जसंच्या तसं. पर पुस्तक पन्नास घरांत जाईल, काका. बोर्ड रोज सगळी माणसं वाचतेत."

वही तिच्याकडं गेली, म्हणून हे शेवटचं सुट्या कागदावर लिहितोय, तिला मागून देईन. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे आज, अंघोळ करून धुतलेलं धोतर नेसलो आणि सरपंचाच्या घरी गेलो. ती पोराला शाळेत सोडायला निघाली होती. मी म्हणलं, "बोर्ड खोटा हाय. मीच खोटं सांगितलं." तिला सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. तिचे सासरे आतून बाहेर आले, ते बी ऐकायला लागले. शेजारची दोन माणसं थांबली. मी आवाज कमी केला नाही.

ती म्हणाली, "आजोबा, परवा रस्त्याचं उद्घाटन हाय. तुमच्या हातानंच हाय."

"मंग आजच पेंटर पाठव."

"तुमचं नाव काढून टाकू का?"

"काढू नको. नाव राहू दे. पुढचं बदल."

तिचे सासरे म्हणाले, "रंगनाथराव, या वयात कशाला? आता कुणाला काय पडलंय?" मी त्यांच्याकडं बघून म्हणलं, "मला पडलंय."

पेंटरला घेऊन पुलावर गेलो. त्यानं पांढरा रंग मारून खालच्या ओळी बुजवल्या, आणि वाळल्यावर मी एकेक शब्द सांगायला लागलो. 'लिंबाजी, चावीवाला, खडकमाळ, यांनी लाल झेंडी दाखवून गाडी थांबवली आणि माणसं वाचवली. झेंडी बरोबर होती.' तुझं नाव त्यानं तांबड्या रंगात काढलं. मी सांगितलं होतं तसं. मग पुढची ओळ सांगितली. 'पुलाची भेग रंगनाथ, चावीवाला, धोंडवाडी, यानं...' तिथं तो थांबला. ब्रश हातात धरून माझ्याकडं बघायला लागला. भला माणूस, माझ्या पांढऱ्या केसांची त्याला दया आली असेल.

म्हणाला, "बाबा, 'त्यांना दिसली नाही' आसं लिवू का? तेवढंच बरं दिसंल."

"लपवली," मी म्हणलं. "'यानं लपवली' लिव. आन अक्षर मोठं काढ."